पडद्यावर लहान, फाईलमध्ये तेवढेच : वेब पेजवरील छायाचित्रांच्या संपादनाची साधने

वेब पेज तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्रांवर काम करण्यासाठी काही मोजकी बटणे दिलेली असतात. छायाचित्र कातरणे, त्याचा आकार बदलणे, उजळपणा कमी-अधिक करणे, धूसर कडा ठसठशीत करणे एवढीच कामे ती करतात. दिसायला ही बटणे सारखी असली तरी त्यांचे परिणाम सारखे नसतात. काही बटणे केवळ पडद्यावरील दृश्य बदलतात, तर काही मूळ फाईलच कायमची बदलून टाकतात. हा फरक लक्षात न घेतल्यास पान उघडण्यास विलंब होतो, छायाचित्राचा दर्जा पुन्हा न सुधारण्याइतका खालावतो आणि प्रसंगी जे झाकायचे होते तेच जगासमोर येते.

या विषयाशी कोलकात्याच्या सॉल्ट लेक उपनगराचा जवळचा संबंध आहे. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकिर्दीत, १९६२ मध्ये, शहराच्या पूर्वेकडील खाऱ्या पाण्याच्या दलदलीत हुगळी नदीतील गाळ नळांवाटे आणून टाकण्याचे काम सुरू झाले. युगोस्लाव्हियाचे नगररचनाकार दोब्रिवोये तोश्कोविच यांच्या आराखड्यानुसार तेथे नवे नगर वसले. या नगराच्या पाचव्या सेक्टरमध्ये आज सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे कोलकाता केंद्र याच सेक्टरमध्ये आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील एसटीक्यूसी संचालनालयाची पूर्व विभागीय चाचणी प्रयोगशाळाही येथेच आहे. सरकारी संकेतस्थळे ठरवून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आहेत की नाहीत हे तपासून प्रमाणपत्र देणे हे या संचालनालयाच्या कामांपैकी एक आहे. पानावर छायाचित्रे कशी वापरली आहेत, हा त्या तपासणीचा एक भाग असतो.

बटणे आली कोठून?

मॅक्रोमीडिया कंपनीने ड्रीमवीव्हर हे सॉफ्टवेअर डिसेंबर १९९७ मध्ये बाजारात आणले. पानाची मांडणी करणे हे त्याचे काम होते. छायाचित्रात काही बदल करावयाचा असल्यास दुसरे सॉफ्टवेअर उघडावे लागे, तेथे बदल करून फाईल जतन करावी लागे आणि मग पुन्हा मांडणीकडे वळावे लागे. २००३ मध्ये आलेल्या ‘ड्रीमवीव्हर एमएक्स २००४’ या आवृत्तीत ही धावपळ थांबली. छायाचित्रावर क्लिक करताच खालच्या पट्टीत क्रॉप, रिसॅम्पल, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट आणि शार्पन ही बटणे दिसू लागली. मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेजमध्ये अशी पट्टी त्याआधीपासूनच होती. चित्र फिरवणे, त्यातील एखादा रंग पारदर्शक करणे, लघुचित्र आपोआप तयार करणे अशा सोयीही तीत होत्या. पुढे २००५ च्या अखेरीस मॅक्रोमीडिया अॅडोबच्या ताब्यात गेली आणि २००६ च्या अखेरीस फ्रंटपेज बंद झाले. बटणे मात्र टिकून राहिली. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २००९ च्या २.९ या आवृत्तीपासून हीच कामे ब्राउझरमध्येच करता येऊ लागली. आज मोबाईलच्या प्रत्येक फोटो अॅपमध्ये ती आढळतात.

ड्रीमवीव्हरची एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. यांपैकी कोणतेही बटण दाबले की एक सूचना पुढे येत असे : या कृतीमुळे निवडलेले छायाचित्र कायमचे बदलेल. सूचनेच्या चौकटीतच ती पुन्हा न दाखवण्याचा पर्याय होता. घाईच्या कामात तो पर्याय पहिल्याच दिवशी निवडला जाणे स्वाभाविक होते, आणि धोक्याला तेथूनच सुरुवात होत असे.

आकार बदलणे आणि वजन कमी करणे

सॉल्ट लेकमधीलच एक उदाहरण घेता येईल. कोलकात्याचा आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा २०१८ पासून करुणामयीजवळील सेंट्रल पार्कच्या मैदानावर भरू लागला. समजा, मेळ्यातील एका दालनासमोरच्या गर्दीचे छायाचित्र बातमीच्या पानावर टाकायचे आहे. मोबाईलने काढलेल्या या छायाचित्राची रुंदी ४,००० आणि उंची ३,००० पिक्सेल आहे. पिक्सेल म्हणजे छायाचित्र ज्यांचे बनलेले असते ते रंगाचे सूक्ष्म चौकोन. ते येथे १ कोटी २० लाख भरतात. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन नोंदी, म्हणजे तीन बाइट, लागतात. संकोचन केले नाही तर ही फाईल ३ कोटी ६० लाख बाइटांची होईल. जेपीईजी पद्धतीने संकोचन झाल्यावर ती साधारण ४ एमबीवर येते.

बातमीच्या पानावर छायाचित्रासाठी जागा आहे ८०० बाय ६०० पिक्सेलची. मांडणी करणारी व्यक्ती छायाचित्राचा कोपरा माऊसने पकडून आत ओढते. छायाचित्र आक्रसते, जागेत नेमके बसते आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात फाईलला काहीही झालेले नसते. पानाच्या संकेतावलीत ‘हे छायाचित्र ८०० पिक्सेल रुंद दाखवावे’ एवढी एक ओळ लिहिली गेलेली असते. वाचकाच्या ब्राउझरला पूर्ण ४ एमबीची फाईल उतरवून घ्यावी लागते आणि मगच ती लहान करून दाखवता येते. १ कोटी २० लाख पिक्सेल मागवायचे आणि त्यांपैकी ४ लाख ८० हजारांइतकेच दाखवायचे, असा हा व्यवहार आहे. पंचवीस पोती धान्य गाडीत भरून आणावे आणि एकच पोते उतरवून घ्यावे, तसे.

रिसॅम्पल हे बटण नेमके याच ठिकाणी उपयोगी पडते. ते ८०० बाय ६०० पिक्सेलची नवी फाईल तयार करते. पूर्वीच्या शेजारशेजारच्या पिक्सेलांच्या रंगांचा मेळ घालून नवा पिक्सेल बनवला जातो. फाईल ४ एमबीवरून साधारण १०० केबीवर येते. ड्रीमवीव्हरमध्ये हे बटण आधी निष्क्रिय असे आणि छायाचित्राचा कोपरा ओढल्यावरच जागे होत असे. ‘दिसायला लहान झाले आहे, आता खरोखर लहान करायचे का?’ असा तो न बोलता विचारलेला प्रश्न होता.

या प्रश्नाला भारतात किती महत्त्व होते हे आकडे सांगतात. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढील अनेक वर्षे घरोघरी दूरध्वनीच्या तारेवरून, जास्तीत जास्त ५६ केबीपीएस वेगाने जोडणी मिळत असे. या वेगाने ४ एमबीची फाईल उतरण्यास साडेनऊ मिनिटे लागतील. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले. त्या वेगाने दोन मिनिटांहून अधिक. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस करण्यात आली. त्या वेगानेही सोळा सेकंद. रिसॅम्पल केलेली १०० केबीची फाईल मात्र अनुक्रमे १४ सेकंद, ३ सेकंद आणि अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात येते. हा हिशेब आदर्श स्थितीचा आहे. पावसाळ्यात तारेवर खरखर सुरू झाली की तो कोलमडत असे, हे त्या काळातील प्रत्येक वापरकर्त्याला आठवत असेल.

उलट दिशेने मात्र हे बटण उपयोगाचे नाही. २०० बाय १५० पिक्सेलचे चित्र ८०० बाय ६०० केले की ३० हजार पिक्सेलांचे ४ लाख ८० हजार होतात. वाढलेले साडेचार लाख पिक्सेल कॅमेऱ्याने टिपलेले नसतात, सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात. म्हणूनच लहानाचे मोठे केलेले छायाचित्र ओल्या कागदावर पसरलेल्या शाईसारखे दिसते. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हा अंदाज अधिक सफाईने करतात. पण तो अंदाजच असतो, आणि बातमीतील चेहऱ्याच्या किंवा पाटीवरील अक्षरांच्या बाबतीत सफाईदार अंदाज ओबडधोबड अंदाजापेक्षा अधिक घातक ठरू शकतो.

कातरणे आणि झाकणे

क्रॉप या शब्दाचा पहिला अर्थ शब्दकोशात ‘पीक’ असा मिळतो, आणि यांत्रिक भाषांतराने तो उचलला की छायाचित्राचे ‘पीक काढण्याचा’ सल्ला वाचकाला मिळू शकतो. मराठीत छायाचित्रापुरते ‘कातरणे’ हे क्रियापद पुरेसे आहे. चौकटीबाहेरचा भाग वगळायचा, आतला ठेवायचा.

वगळलेला भाग खरोखर गेला का, हा येथील खरा प्रश्न आहे. ड्रीमवीव्हरचे क्रॉप बटण फाईल नव्याने लिहीत असे. कातरलेला भाग फाईलमधून जात असे. परंतु आजच्या वेब पेजवर पुष्कळदा कातरणे हे केवळ झाकणे असते. पानाच्या शैलीसूचनांमध्ये चौकटीचे माप दिले जाते आणि छायाचित्राचा उरलेला भाग चौकटीमागे लपवला जातो. वाचकाने छायाचित्र स्वतंत्र टॅबमध्ये उघडले की ते पूर्ण दिसते. शब्दसंस्करणाच्या आणि सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्येही तसेच घडते : कातरलेला भाग मुद्दाम काढून टाकण्याचा आदेश दिला नाही तर तो फाईलमध्ये तसाच राहतो.

मार्च २०२३ मध्ये उघडकीस आलेली एक त्रुटी याहून गंभीर होती. गुगलच्या पिक्सेल फोनमधील मार्कअप या साधनाने कातरलेले स्क्रीनशॉट मूळ फाईलवरच लिहिले जात, पण जुन्या फाईलचा मागचा हिस्सा छाटला जात नसे. नवी फाईल लहान, जुनी मोठी. मागे उरलेल्या शेपटातून कातरलेला भाग अंशतः परत मिळवता येत असे. सुमारे पाच वर्षे ही त्रुटी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. विंडोजच्या स्क्रीनशॉट साधनांतही तसाच दोष आढळला. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती झाली, मात्र त्याआधी कातरून प्रसृत झालेल्या प्रतिमा जेथे जशाच्या तशा राहिल्या, तेथे ती दुरुस्ती पोहोचू शकली नाही.

वृत्तसंस्थांसाठी आणि सरकारी कार्यालयांसाठी ही केवळ तांत्रिक बाब नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये तशीच तरतूद आहे. चेहरा चौकटीमागे लपवला आणि फाईलमध्ये तो तसाच राहिला, तर पडद्यावर बंधन पाळलेले दिसेल आणि प्रत्यक्षात ओळख उघड झालेली असेल. लाभार्थ्यांच्या याद्यांचे किंवा ओळखपत्रांचे स्कॅन पानावर टाकताना क्रमांकावर ठेवलेली काळी पट्टी ही वरून ठेवलेली वेगळी वस्तू असेल, तर ती उचलून बाजूला करता येते. म्हणून पट्टी टाकल्यावर चित्र एकसंध करून नवी फाईल तयार करणे आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे, एवढी काळजी घेणे भाग आहे. छायाचित्रासोबत फाईलमध्ये लपून येणारी स्थळाची नोंदही याच वेळी काढून टाकावी. मोबाईलमध्ये स्थाननिश्चिती सुरू असेल तर छायाचित्र काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश फाईलमध्ये लिहिले जातात. ते पडद्यावर दिसत नाहीत.

कातरण्याने अर्थ बदलतो, हा मुद्दा आणखी वेगळा. पुस्तक मेळ्याच्या त्याच छायाचित्रात डावीकडे गर्दी आणि उजवीकडे रिकामी दालने असतील, तर एका कातरीने मेळा गजबजलेला ठरतो आणि दुसरीने ओस पडलेला. कोणताही पिक्सेल खोटा नसतो. छायाचित्रकारितेच्या जगात तरीही कातरणे मान्य आणि खोडणे अमान्य अशी रेषा आखलेली आहे. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत युक्रेनच्या स्टेपान रुदिक यांचे पारितोषिक रद्द करण्यात आले. त्यांनी मूळ छायाचित्राचा बराच मोठा भाग कातरला होता आणि रंगीत छायाचित्र कृष्णधवल केले होते. त्याला परीक्षकांनी हरकत घेतली नाही. चौकटीत डोकावणारा एका व्यक्तीच्या पावलाचा लहानसा भाग पुसून टाकला होता, तो आक्षेपार्ह ठरला. भारतात डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चेन्नईतील पूरपाहणीचे, विमानाच्या खिडकीत वेगळे दृश्य जोडलेले छायाचित्र पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले होते. टीका झाल्यावर ते मागे घेण्यात आले आणि कार्यालयाने खेद व्यक्त केला. अशी जोडणी या लेखातील साध्या बटणांनी होत नाही. पण ‘जरा स्पष्ट दिसावे’ हाच हेतू साध्या बटणांमागेही असतो, आणि तो कोठे थांबवायचा हे बटण सांगत नाही.

उजळपणा, तीव्रता आणि कडा

ब्राइटनेस म्हणजे उजळपणा. कॉन्ट्रास्ट म्हणजे छाया आणि प्रकाश यांतील अंतर. या दोहोंचे गणित अगदी सोपे आहे आणि त्यातील हानीही तितकीच सहज होणारी आहे. प्रत्येक रंगाची नोंद ० ते २५५ या आकड्यांत असते. ० म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण प्रकाश. संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात काढलेले पुस्तकांच्या दालनाचे छायाचित्र काळवंडलेले आहे म्हणून प्रत्येक नोंदीत ४० मिळवले, असे समजू. १०० चे १४० होतील आणि वाचकांचे चेहरे दिसू लागतील. पण दिव्याजवळच्या पाटीवरील २२०, २३५ आणि २५० या तीन वेगवेगळ्या छटा २५५ वरच थांबतील, कारण त्यापुढे आकडाच नाही. पाटीवरील अक्षरे पांढऱ्यात मिसळून जातील. फाईल जतन केल्यानंतर कोणी ४० वजा केले तर तिन्ही छटा २१५ होतील. पूर्वीचा भेद परत येणार नाही.

साध्या सॉफ्टवेअरमधील या सरकपट्ट्या जपून वापराव्यात. ज्या छायाचित्रात गडद सावल्या आणि झगझगीत दिवे एकत्र आहेत, त्यात त्या फारशा उपयोगाच्या नाहीत. सॉल्ट लेकच्या एफडी ब्लॉकमधील दुर्गापूजेच्या रोषणाईचे रात्रीचे छायाचित्र असे उदाहरण ठरेल. तेथे फक्त मधल्या छटा उचलणारी, अधिक प्रगत साधने लागतात.

शार्पन या बटणाविषयी मोठा गैरसमज आहे. हलल्यामुळे बिघडलेले छायाचित्र ते दुरुस्त करीत नाही. जेथे गडद आणि फिकट भाग भेटतात तेथे गडद कडा थोडी अधिक गडद आणि फिकट कडा थोडी अधिक फिकट करणे, एवढेच त्याचे काम. डोळ्याला कड ठसठशीत भासते. या तंत्राच्या एका प्रसिद्ध प्रकाराला ‘अनशार्प मास्क’, म्हणजे धूसर मुखवटा, असे उलटे वाटणारे नाव आहे. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याच्या काळी मूळ निगेटिव्हवर तिचीच एक मुद्दाम धूसर केलेली प्रत ठेवून छपाई करीत, त्यावरून ते आले. रिसॅम्पल केल्यावर छायाचित्र किंचित मऊ पडते, म्हणून शार्पन शेवटी आणि हलक्या हाताने करावे. आधी केले तर ती मेहनत रिसॅम्पलमध्ये वाया जाते. जास्त केले तर कडांभोवती पांढरी किनार उमटते आणि चेहऱ्यावरची कातडी खरखरीत दिसू लागते.

प्रत्येक वेळी थोडे कमी

आता फाईल जतन करण्याचा प्रश्न येतो. छायाचित्रांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी जेपीईजी पद्धत १९९२ मध्ये प्रमाणित झाली. तिच्या गाभ्यातील गणिती तंत्र, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, हे बंगळुरू येथे जन्मलेले अभियंता नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. छायाचित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनातील संथ बदल जपायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे सूक्ष्म बदल सोडून द्यायचे, हे तिचे तत्त्व. सोडून दिलेले परत येत नाही. आज कातरून जतन केले, उद्या उजळून जतन केले, परवा लहान करून जतन केले, तर तीन वेळा थोडे थोडे सोडले गेले. मूळ छायाचित्राची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून, सर्व बदल एकदाच करून, शेवटी एकदाच जतन करावे, हा जुना नियम यातूनच आला आहे. वर्डप्रेससारख्या प्रणाली मूळ फाईल राखून ठेवतात व तिच्याकडे परतण्याची सोय देतात. ड्रीमवीव्हरमध्ये ही जबाबदारी काम करणाऱ्याची होती.

जीआयएफ ही १९८७ पासूनची पद्धत २५६ रंगांपुरती मर्यादित आहे. आकाशाच्या फिकट होत जाणाऱ्या निळ्या रंगाचे तीत पट्टे पडतात. पीएनजी काहीही सोडत नाही, पण छायाचित्राची फाईल त्यामुळे फार फुगते. रेखाचित्रे, नकाशे, तक्ते यांना पीएनजी आणि छायाचित्रांना जेपीईजी ही विभागणी बहुतेक कामांना पुरते. वेबपी आणि एव्हीआयएफ या नव्या पद्धती अधिक काटकसरी आहेत.

अक्षरांचे चित्र

जेपीईजीचे तत्त्व अक्षरांवर अन्याय करते. अक्षराची कड म्हणजे एकदम झालेला बदल, आणि नेमके तेच ही पद्धत नीट जपू शकत नाही. अक्षरांभोवती डासांच्या थव्यासारखे ठिपके उमटतात. रोमन लिपीत एवढ्याने फारसे बिघडत नाही. बंगाली लिपीत मात्र ‘ब’ आणि ‘र’ या अक्षरांत केवळ खालच्या एका ठिपक्याचा फरक आहे. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळे ठेवणारी रेघ किंवा गाठ बारीक असते. लहान आकारात रिसॅम्पल केलेल्या आणि जेपीईजीत जतन केलेल्या नोटिशीत पाणी ‘भरले’ की ‘मरले’ हे संदर्भावरून ओळखावे लागते. रक्कम किंवा दिनांक असेल तर संदर्भही मदतीला येत नाही.

भारतीय भाषांच्या संकेतस्थळांवर अक्षरांची चित्रे करण्याची पद्धत हौसेतून आलेली नव्हती. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरी आणि बंगाली या दोन्ही लिप्या होत्या, पण सर्वसामान्यांच्या संगणकांपर्यंत त्या पोहोचण्यास वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी मंगल हा फाँट आला. बंगालीसाठी विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपर्यंत थांबावे लागले. तोवर प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा, आणि तो वाचकाकडे नसेल तर पानावर अगम्य चिन्हांची रांग उमटे. शीर्षकाचे चित्र करून टाकणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय होता. ते कारण आज उरलेले नाही. तरीही निविदा, निकाल, परिपत्रके आणि शुभेच्छा यांची चित्रे पानांवर चढतच आहेत. चित्रातील शब्द शोधयंत्राला सहजी सापडत नाहीत, ते निवडून दुसरीकडे नेता येत नाहीत, मोबाईलवर मोठे केले की फाटतात, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येतील याची शाश्वती नसते.

शेजारची रिकामी चौकट

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिदोष आहे. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर पानावरील मजकूर आवाजात वाचून दाखवते. विनामूल्य मिळणाऱ्या एनव्हीडीएमध्ये मराठीही वाचता येते. छायाचित्रापाशी आल्यावर ते त्याला जोडलेला पर्यायी मजकूर वाचते. एचटीएमएलच्या डिसेंबर १९९७ मधील चौथ्या आवृत्तीने प्रत्येक चित्रासाठी असा मजकूर आवश्यक ठरवला. ड्रीमवीव्हर बाजारात आले तो महिनाही हाच. ड्रीमवीव्हरच्या त्याच खालच्या पट्टीत, क्रॉप आणि शार्पनच्या शेजारी, ‘ऑल्ट’ नावाची एक चौकट होती. दिसण्यात काही फरक पडत नसल्याने ती रिकामी राहणे सर्वांत सोपे होते.

सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे पहिल्यांदा २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांत छायाचित्रांना पर्यायी मजकूर देण्याचा आग्रह धरण्यात आला. २०२३ ची तिसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय सुगमता निकषांच्या डबल ए स्तराशी जुळवलेली आहे. त्या स्तरावर बोधचिन्हासारखे अपवाद वगळता मजकुराचे चित्र करून टाकणेही बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे.

चौकट भरलेली आहे की नाही हे तपासणारे सॉफ्टवेअर क्षणात सांगते. त्यात ‘आयएमजी ४३१२’ असे कॅमेऱ्याने दिलेले नाव आहे की ‘सेंट्रल पार्कच्या पुस्तक मेळ्यात एका दालनासमोर रांगेत उभे असलेले वाचक’ असे वर्णन आहे, याचा अर्थ त्याला नीट लावता येत नाही. निव्वळ शोभेच्या नक्षीसाठी ही चौकट जाणीवपूर्वक रिकामी ठेवावी लागते, कारण प्रत्येक वेलबुट्टीचे वर्णन ऐकत बसण्यात दृष्टिहीन वाचकाचा वेळ जातो. कोणते चित्र बातमीचा भाग आणि कोणते शोभेचे, हे पान वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे यंत्राने चाचणी केल्यानंतरही पाने एकेक करून माणसालाच तपासावी लागतात.